खेळयंत्रांचें चित्र आणि त्याची पाठशुद्धि

जुन्या ग्रंथाचा खरा पाठ कोणता, हा वाद आमच्या वाचकांस नवा नाहीं. एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहून तिचा पाठ शुद्ध केला, तेव्हांपासून तो आपल्या घरांत चालत आलेला आहे. आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी केली, तोंपर्यंत त्याचें एक शास्त्रच बनून गेलें. परंतु हाच वाद आज मोठ्या हिरीरीनें कोठें चालला असेल, तर तो हातांत तापलेलें सोल्डरिंग-आयर्न घेऊन बसलेल्या हौशी मंडळींत चालला आहे, असें आम्हीं सांगितल्यास वाचकांस ती थट्टा वाटेल. त्यांची पोथी म्हणजे तीस-चाळीस वर्षांपूर्वींचें एखादें खेळयंत्र किंवा घरगुती संगणक. आणि त्यांचा प्रश्न असा कीं, या यंत्राचें चित्र खरोखर कसें दिसावें? जपान, अमेरिका व युरोप येथें या कारागिरीचा चांगलाच विस्तार झाला आहे. तिचें परीक्षण वाङ्मयाच्या मासिकांत कशास, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, ज्या कृति कोट्यवधि मुलांनीं पाहिल्या, आणि ज्या आतां पोक्त झालेल्या माणसांच्या स्मरणांत पाठ केलेल्या कवितेइतक्या पक्क्या बसल्या आहेत, त्यांचा पाठ कोण बदलतो व कोणत्या अधिकारानें बदलतो, हें पाहणें टीकाकाराचेंच काम आहे.

प्रथम या खटपटीची गरज कां पडली, तें सांगितलें पाहिजे. हीं सर्व यंत्रें कांचेच्या चित्रनळीच्या टीव्हीस जोडण्यासाठीं बनविलेलीं होतीं. ती नळी बनविणें आतां जगांत जवळजवळ बंद झालें आहे, आणि भिंतीवर टांगलेल्या सपाट पडद्यास जुन्या यंत्राची भाषा अर्धवटच कळते. अमेरिकन व जपानी टीव्हीचें चित्र ५२५ ओळींचें असे. एका फेरींत विषम ओळी काढावयाच्या, दुसरींत सम ओळी काढावयाच्या, आणि दोहोंच्या मिळणीनें पूर्ण चित्र साधावयाचें, असा तो संकेत होता. म्हणजे दर फेरीस २६२ आणि वर अर्धी ओळ येई. खेळयंत्रांच्या कर्त्यांनीं ती अर्धी ओळच गाळून टाकली. तेव्हां नळींतील किरण दर फेरीस त्याच जागेवरून फिरूं लागला, चित्र स्थिर झालें, आणि दोन ओळींमध्यें एक बारीक काळी फट राहिली. नळीला या युक्तीचें कांहींच वाटलें नाहीं. नव्या पडद्याची मात्र त्यानें फसगत होते. तो या चित्रास नेहमींचें दुफेरी चित्र समजतो, आणि जें मुळांत जोडावयाचेंच नाहीं तें जोडीत बसतो. मग धांवत्या आकृतीच्या कडा फिसकटतात, लुकलुकणारी वस्तु कधीं दिसते कधीं दिसत नाहीं, आणि बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंत मध्यें जो काळ जातो त्यांत खेळणारा खड्ड्यांत पडतो. कांहीं पडदे तर अशा यंत्राची ओळखच दाखवीत नाहींत. अशा स्थितींत जुनें यंत्र वाचवूं पाहणारा मनुष्य त्याच्या चित्राच्या वाटेंत कांहीं फेरफार करूं इच्छितो, यांत वावगें कांहीं नाहीं. जीं पोथी वाचतांच येत नाहीं, ती कितीहि अस्सल असली तरी तिचा उपयोग काय?

परंतु फेरफार आणि फेरफार यांत अंतर आहे. भाष्यकार मूळ ग्रंथाबाहेर बसून लिहितो. प्रक्षेप करणारा ग्रंथांत शिरतो. १९८२ सालच्या झेडएक्स स्पेक्ट्रमचें उदाहरण घ्या. यांतील चित्र रेडिओलहरीवर स्वार होऊनच बाहेर पडे, व टीव्हीची वाहिनी लावून तें पकडावें लागे. पेटीच्या आंत मॉड्युलेटर नांवाची एक पत्र्याची डबी असते. ती आंतून तयार होऊन आलेल्या चित्रास त्या लहरीवर चढविते. सुधारणा एवढीच कीं, डबींतील दोन जोडण्या सोडवावयाच्या आणि आंतून येणारी तार सरळ बाहेरच्या खोबणीस लावावयाची. घटकाभराचें काम, उद्यां वाटल्यास पुन्हां पूर्ववत् करतां येतें. मेगा ड्राइव्ह या सेगा कंपनीच्या खेळयंत्रांत (१९८८) तर तेवढेंहि करावयास नको, कारण लाल, हिरवा व निळा हे तिन्ही रंग वेगवेगळ्या तारांनीं त्याच्या पाठीमागील खोबणींतून आधींच बाहेर येतात. आपल्याकडील शाळांत १९८४ सालीं ‘क्लास’ योजनेच्या द्वारें जो बीबीसी मायक्रो आला, त्याच्याहि पाठीमागें तीन तऱ्हांच्या चित्रांच्या तीन खोबणी कर्त्यांनींच ठेवलेल्या होत्या. अशा यंत्रांस बाहेरून एक रूपांतर करणारी पेटी जोडली कीं झालें. यंत्राचें कवच न उघडतां काम होत असतां जो तें उघडून, कापून, त्यांत एचडीएमआयची खोबण बसवितो, त्याची हौस आम्ही समजूं शकतों. तिला पाठशुद्धि म्हणण्यास मात्र आम्ही तयार नाहीं.

खरा पेंच निन्टेन्डो कंपनीच्या यंत्रांत आहे. जपानांत १९८३ सालीं ‘फॅमिकॉम’ म्हणून व अमेरिकेंत १९८५ सालीं ‘एनईएस’ म्हणून निघालेलें हें यंत्र. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकांत याच्याच नकला मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यांत आल्या, व ‘मारिओ’ हा शब्द मराठी मुलांच्या तोंडीं बसला. या यंत्रांत तीन रंग वेगळे बाहेर येत नाहींत, एवढेंच नव्हे. ते आंतसुद्धां कोठें नाहींत. चित्र काढणारी जी चाळीस पायांची चिप आहे, तिच्या एकाच पायांतून सर्व चित्र एका तारेंत गुंफलेलें, ज्यास कॉम्पोझिट म्हणतात तें, बाहेर पडतें. तोच पाय धरून कितीहि मागें गेलें, तरी लाल इतका, हिरवा इतका, निळा इतका असा हिशेब सांपडावयाचा नाहीं.

मग तेथें असतें तरी काय? चिपच्या मनांत रंगाचा एक संकेत असतो. चौसष्ट संकेतांपैकीं एक. त्यांतील चार अंक छटा सांगणारे, दोन अंक उजेडाची पायरी सांगणारे. पुष्कळ संकेत काळ्याचेच असल्यामुळें वेगळे म्हणून ओळखूं येणारे रंग पंचावन्नाच्या आंतबाहेरच भरतात. अमेरिकन पद्धतीच्या टीव्हींत रंग हा सेकंदास सुमारें ३५ लक्ष ८० हजार वेळां हेलकावणाऱ्या एका लहरीवर पाठविलेला असतो, आणि ती लहर ठरलेल्या खुणेच्या किती आधीं किंवा किती मागून उठते, यावरून टीव्ही छटा ओळखतो. संगीताच्या परिभाषेंत बोलावयाचें तर, छटा ही लहरीच्या स्वरांत नसून तालांतील तिच्या जागेंत आहे. निन्टेन्डोची चिप अशा बारा जागा जाणते. शिवाय ती लहर गोलाईदार न काढतां दोन पातळ्यांमध्यें सरळ वरखालीं उड्या मारणारी, चौकोनी काढते. कारण तसें करणें स्वस्त पडतें. या ओबडधोबड लहरीचा अर्थ लावून प्रत्यक्ष रंग दाखविण्याचें काम टीव्हीचें. आणि प्रत्येक टीव्हीस, निदान अमेरिकेंत, छटा बदलण्याची एक खुंटी असे. त्या पद्धतीच्या आद्याक्षरांचा ‘कधींच तोच रंग नव्हे’ असा अर्थ तिकडील एंजिनिअर लोक विनोदानें लावीत, तो उगाच नव्हे.

आतां वाचकांनीं १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळांतील आकाश डोळ्यांपुढें आणावें. तें कोणत्या रंगाचें आहे? यंत्र म्हणतें, ‘दुसरी छटा, तिसरी पायरी.’ एका घरच्या टीव्हीनें त्याचा निळा रंग केला, शेजारच्या घरीं तेंच आकाश जांभळट दिसलें. आपल्या घरचें आकाश याहूनहि थोडें निराळें असावयाचें. कारण भारतांत रंगीत टीव्ही १९८२ सालीं आला तो पॅल पद्धतीचा, जींत रंगाच्या लहरीचा एक भाग ओळीआड उलटा करून छटेंतील चूक आपोआप फेडून घेतात, आणि येथें विकल्या गेलेल्या नकली यंत्रांच्या चिपा त्या पद्धतीस जुळवून घेतलेल्या होत्या. तेव्हां पुण्याच्या मुलाचें आकाश खोटें आणि शिकागोच्या मुलाचें खरें, असें कोणी म्हणूं लागल्यास त्यास आधार काय? खुद्द फ्रान्समध्यें तर एक अजब प्रकार झाला. त्या देशांत १९८० च्या सुमारास नव्या टीव्हीस एकवीस पायांची स्कार्ट खोबण सक्तीची झाली, आणि तेथील रंगपद्धतहि सर्वांहून वेगळी. म्हणून तेथें विकलेल्या एनईएसमधून तीन रंग वेगळे बाहेर काढलेले असत. पण ते काढले कसे? चिपमधून निघालेलें गुंफलेलें चित्र पेटीच्या आंतच पुन्हां उलगडून! दुधाचें दहीं लावून, त्याचें ताक घुसळून, त्यावर ‘ताजें दूध’ अशी चिठ्ठी लावण्यासारखा हा प्रकार. तथापि तो कंपनीनें स्वतःच केलेला असल्यामुळें त्यास अपपाठ तरी कोणत्या तोंडानें म्हणावें?

हें सर्व सविस्तर सांगण्याचें कारण असें कीं, यावरच आमचा मुख्य मुद्दा उभा आहे. २०१० नंतरच्या दशकांत ‘एनईएसआरजीबी’ नांवाचा एक छोटा बोर्ड निघाला, व पुढें एचडीएमआयवर चित्र देणारेहि बोर्ड निघाले. एनईएसआरजीबीची रचना पाहिली कीं कर्त्याच्या बुद्धीचें कौतुक करावेंसें वाटतें. मूळ चिप सोडवून काढावयाची, तिच्या जागीं हा बोर्ड बसवावयाचा, आणि चिप बोर्डावर बसवावयाची. चिपचे चार पाय असे आहेत कीं निन्टेन्डोनें आपल्या यंत्रांत त्यांचा उपयोगच केला नव्हता. त्या पायांवरून कोणत्या बिंदूस कोणत्या क्रमांकाची रंगाची कुपी लावली आहे, हें बाहेर वाचतां येतें. त्या कुपींत कोणता रंग भरला आहे, हें यंत्राचा मुख्य मेंदू चिपला सांगत असतो. तें सांगणें बोर्ड मधल्यामध्यें ऐकून ठेवतो. या दोन वार्ता जोडल्या कीं प्रत्येक बिंदूचा संकेत निःसंदिग्ध कळला. गुंफण मुळींच होऊं दिली नाहीं, म्हणून उकलण्याची पीडाहि नाहीं. आम्हीं एकाच खेळाचीं दोन्ही चित्रें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं आहेत. जुन्या तारेच्या चित्रांत प्रत्येक उभ्या रेघेस करवतीचे दांते दिसतात, व ते सतत सरपटत असतात. बारीक अक्षरांच्या कडांस इंद्रधनुष्याचा मळ चढलेला असतो. बोर्डाच्या चित्रांत हें सर्व धुऊन गेलेलें आहे. अक्षर अक्षर वाचतां येतें. चित्रकारानें एकेक चौकट मोजून बसविलेली आकृति प्रथमच पाहिल्यासारखी वाटते, आणि १९८१ सालच्या ‘डाँकी काँग’मध्यें मारिओस मिशा व टोपी कां दिली गेली—थोडक्या ठिपक्यांत ओंठ व केस काढणें कठीण, म्हणून—हें कोणी न सांगतां समजतें.

इथपर्यंत आम्ही संपादकाच्या बाजूचे आहों. पण संकेत कळला म्हणजे रंग कळला असें होत नाहीं. ‘दुसरी छटा, तिसरी पायरी’ एवढेंच हातीं आलें. पडद्यास हवे आहेत तीन आंकडे. ते बोर्डाच्या कर्त्यानें स्वतः ठरविले आहेत. गणितानें ठरविले म्हणावें, तर गणितासाठीं कोणता टीव्ही आदर्श धरावयाचा हें आधीं ठरवावें लागतें; डोळ्यांनीं ठरविले म्हणावें, तर डोळे ज्याचे त्याचे. चौकोनी लहरीचे कांहीं रंग तर तीन आंकड्यांच्या मापांत पुरते बसतहि नाहींत. ते ओढून ताणून बसवावे लागतात. म्हणजे ज्या ठिकाणीं मूळ ग्रंथकारानें जागा मोकळी सोडली होती, त्या ठिकाणीं संपादकास स्वतःची ओंवी लिहावीच लागते. हा त्याचा दोष नव्हे. दोष आहे तो ‘मूळ निर्मात्यांस अभिप्रेत असलेलें चित्र’ असें वर लिहिण्यांत. विक्रेत्यांच्या पत्रकांत हें वाक्य आम्हांस इतक्या वेळां आढळलें आहे कीं, आतां तें वाचून रागहि येत नाहीं. निन्टेन्डोचे चित्रकार त्या काळीं चौकटीच्या कागदावर आकृति आखीत. कागदावरची चौकट चौरस. अमेरिकन टीव्हीवरचा ठिपका मात्र आठास सात या प्रमाणांत उंचीहून रुंद. तेव्हां अभिप्रेत चित्र कागदावरचें समजावयाचें कीं नळीवरचें? आणि ज्यानें नळीवर पाहून होकार दिला, त्यानें करवतीचे दांतेहि पाहिले होते.

कधीं कधीं तर दोष समजून काढून टाकलेली वस्तुच अर्थाची वाहक असते. मेगा ड्राइव्हवरील ‘सॉनिक’ या खेळांत (१९९१) पहिल्याच भागांत एक धबधबा आहे. त्या यंत्रास पारदर्शक वस्तु काढतां येत नाहीं. म्हणून चित्रकारानें पाण्याच्या उभ्या रेघा एकाआड एक सोडून काढल्या. कॉम्पोझिट तारेंतून जातांना त्या एकमेकींत मिसळतात आणि मागील खडक अंधुक दिसूं लागतो. पाणी पाणी होतें. तींच तिन्ही रंगांची स्वच्छ तार लावा: धबधब्याच्या जागीं फणी उभी राहते. अर्थात् युरोपांत ज्यांच्या घरीं स्कार्टची तार होती, त्यांनीं त्याच वर्षीं फणीच पाहिली, हेंहि विसरतां येत नाहीं. याहून मोठें उदाहरण ॲपल दोन या संगणकाचें. १९७७ सालीं वॉझनियाक यानें या यंत्रांत रंगासाठीं निराळी सामग्री जवळजवळ घातलीच नाहीं. शेजारच्या शेजारीं पडलेले बारीक पांढरे ठिपके टीव्हीस रंगाच्या लहरीसारखे भासावेत आणि त्यानेंच त्यांचा जांभळा किंवा हिरवा करावा, अशी ती योजना होती. टीव्हीचा भ्रम हाच येथें रंग. चित्र ‘शुद्ध’ करून पाहिलें तर पांढऱ्या रेघांखेरीज हातीं कांहीं लागत नाहीं. आयबीएमच्या १९८१ सालच्या रंगीत पाटीचीहि हीच कथा: चांगल्या, महाग मॉनिटरवर एका वेळीं चार रंग; साध्या टीव्हीच्या तारेवर, जाणत्या कारागिराच्या हातीं, सोळा. श्रीमंताच्या घरीं दारिद्र्य आणि गरिबाच्या घरीं वैभव, असा चमत्कार यंत्रविद्येंत क्वचितच पाहावयास मिळतो. ज्यांस स्वच्छता हीच सत्यता वाटते, त्यांनीं या दोन यंत्रांपुढें घटकाभर बसावें.

निन्टेन्डोकडे परत येऊं. एनईएसआरजीबी निघण्यापूर्वीं हौशी लोक काय करीत, तें सांगितल्यावांचून हें परीक्षण अपुरें राहील. १९८६ साली निन्टेन्डोनें ‘प्लेचॉइस-१०’ नांवाचें, नाणें टाकून खेळावयाचें, दुकानांत ठेवण्याचें एक मोठें यंत्र काढलें. त्यांत तेच खेळ, पण चित्र काढणारी चिप निराळी; तीन रंग वेगळे देणारी. चिप बरीचशी पहिलीसारखीच असल्यामुळें घरच्या यंत्रांत बसते. मग काय विचारतां! प्लेचॉइसचीं यंत्रें उघडण्यांत आलीं, चिपा काढून घेण्यांत आल्या, आणि मागें राहिलीं तीं आंधळीं सांगाड्यासारखीं बोर्डें. एका पोथीचीं पानें फाडून दुसरीस जोडावीं, तसें हें झालें. आणि इतकें करूनहि पाठ शुद्ध झाला नाहीं. या चिपमध्यें प्रत्येक मूळ रंगाच्या आठच पायऱ्या, त्यामुळें तिचा रंगसंच मूळच्याहून वेगळा. चित्रास एखाद्या रंगाची झांक देण्याची जी सोय मूळ चिपमध्यें इतर रंग मंद करून साधलेली होती, ती हिच्यांत तो रंग पुरता भडकावून साधलेली आहे. मूळ यंत्रांत तिन्ही सोयी एकदम लावल्या कीं चित्र काळवंडतें. हिच्यांत तें पांढरेंफटक पडतें. म्हणजे लेखकानें जेथें सांज लिहिली, तेथें या प्रतींत भर दुपार छापली गेली! तरी पुष्कळ वर्षें याच चित्रास जाणकार मंडळी सर्वोत्तम मानीत होती, कारण तें लखलखीत होतें. लखलखीतपणाची ही भूल मोठी विलक्षण आहे. आणि त्या भुलीपायीं जीं यंत्रें मोडलीं, तीं आतां कोणत्याहि बोर्डानें परत यावयाचीं नाहींत. नव्या बोर्डाचा सर्वांत मोठा गुण आमच्या मतें त्याचें चित्र हा नसून, त्यानें ही कत्तल थांबविली हा आहे.

त्याचा दुसरा गुण म्हणजे एक साधी कळ. एनईएसआरजीबीच्या कर्त्यानें एकच रंगसंच न देतां एकाहून अधिक रंगसंच बोर्डांत ठेवले आहेत, व कळ फिरवून हवा तो निवडतां येतो. ग्राहक या कळेकडे गमतीची वस्तु म्हणून पाहतात. पुष्कळ कारागीर तर ती बसविण्याचा खटाटोप नको म्हणून एक रंगसंच आंतच कायमचा जोडून टाकतात. आम्हांस ही मोठी चूक वाटते. भांडारकर मंदिराच्या महाभारतांत वर स्वीकृत पाठ आणि पानाच्या तळाशीं इतर प्रतींतले पाठभेद दिलेले आहेत. ते काढून टाकले तर पुस्तक हलकें होईल, स्वस्तहि होईल, पण मग ती चिकित्सक आवृत्ति राहणार नाहीं. ही कळ म्हणजे त्या यंत्राच्या पानाचा तळ आहे. ‘येथें मीं निवड केली आहे; दुसरीहि होऊं शकली असती’ अशी कबुली ती प्रत्येक वेळीं देते. ज्यास काम करून घ्यावयाचें असेल त्यानें कारागिराजवळ प्रथम या कळेचा आग्रह धरावा. दुसरा आग्रह, मूळ चिप खोबणींत बसवून सांभाळण्याचा व जुन्या पिवळ्या खोबणीची तार न तोडण्याचा. चाळीस पाय सोडवितांना बोर्डावरील तांब्याचीं नाजूक कडीं उचलून येतात. उतावळ्या हातानें तें यंत्र कायमचें मुकें झाल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. हें काम शिकाऊ मनुष्यानें पहिल्याच दिवशीं, तेंहि वाडवडिलांनीं दिलेल्या यंत्रावर, करावयाचें नव्हे.

या चळवळींतील एका विसंगतीची मात्र आम्हांस मौज वाटते. तारेंतील सर्व मळ घालवून, प्रत्येक ठिपका धारदार करून झाल्यावर, हेच लोक चित्र फार रुक्ष दिसतें म्हणून कुरकुरूं लागले. तेव्हां त्यांच्यासाठीं कृत्रिम काळ्या ओळी काढण्याची सोय निघाली. तेवढ्यानें भागेना, म्हणून नळीच्या आंतील जाळी, तिच्यामागील रंगीत ठिपक्यांची मांडणी, आणि कडांवरचा मंद पसरट उजेड, हें सर्व गणितानें पुन्हां उभें करणाऱ्या बाहेरच्या पेट्या निघाल्या. २०२३ सालीं आलेली ‘रेट्रोटिंक ४के’ ही त्यांत प्रसिद्ध आहे. वरवर पाहतां ही ढोंगाची परमावधि. घर सारवून झाल्यावर शोभेसाठीं धूळ विकत आणण्यासारखी. पण नीट विचार केला तर आम्हांस यांत ढोंगापेक्षां प्रामाणिकपणाच अधिक दिसतो. नळी हीहि चित्राची अर्धी लेखिका होती, हें या मंडळींनीं आपल्या कृतीनें कबूल केलें आहे, शब्दांनीं केलें नसलें तरी. आणि ही सर्व कृत्रिम सजावट यंत्राबाहेर आहे. आवडली नाहीं तर बटण दाबून नाहींशी करतां येते. तें भाष्य आहे, प्रक्षेप नव्हे. भाष्य चुकलें तरी मूळ राहतें.

एका ठिकाणीं मात्र सर्व भाष्यकारांचे हात टेकतात. १९८४ सालचा ‘डक हंट’ हा खेळ खेळण्यासाठीं निन्टेन्डोनें एक बंदूक दिली होती. घोडा ओढतांच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागीं एक पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या तोंडांतील डोळा त्याच क्षणीं तो उजेड टिपतो. नळीवरचा तो उजेड किरणाच्या फेरीबरोबर उसळतो व लगेच मावळतो. बंदुकीचा डोळा तेवढाच ओळखण्यासाठीं जुळविलेला आहे. सपाट पडद्यावरचा उजेड तसा उसळत नाहीं, व येतोहि थोडा उशिरां. त्यामुळें बोर्ड कितीहि उत्तम असो, रंगसंच कितीहि साक्षेपानें निवडलेला असो, आकाश निळें असो वा जांभळें असो, त्या चित्रांतील बदकास गोळी लागत नाहीं. तें पडद्याच्या कडेवरून सुखरूप उडून जातें. ज्यास तें पाडावयाचें असेल, त्यानें माळ्यावरची जुनी नळी अजून भंगारवाल्यास देऊं नये.